कॅसिनीला जाळले, ते योग्यच केले

१५ सप्टेंबर २०१७ हा पितृपक्षातला शुक्रवार होता. आपल्या घड्याळाप्रमाणे सायंकाळी पाच वाजून पंचवीस मिनिटांनी शनीचा अभ्यास करणाऱ्या कॅसिनी यानाकडून येणारा रेडिओ संदेश थांबला. प्रत्यक्षात यान त्याच्या त्र्याऐंशी मिनिटे आधीच शनीच्या वातावरणात शिरून मोडून, वितळून संपले होते. तेवढे अंतर कापायला संदेशाला तेवढा वेळ लागतो. रत्नागिरीजवळच्या आमच्या गावात त्या संध्याकाळी वीज नेहमीप्रमाणे ये-जा करत होती आणि मोबाइलवरच्या अडखळत्या चित्रात मी अमेरिकेतल्या पॅसाडेनाच्या नियंत्रण कक्षातले चेहरे पाहत होतो. शेजारचे काका पडवीत येऊन टेकले आणि काय चालले आहे म्हणून विचारू लागले. मी सांगितल्यावर ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "वीस वर्षं चाललेलं यंत्र आपल्या हातानं जाळलं? अहो, आमची एसटी मोडीत काढतात तेव्हासुद्धा भंगाराचे पैसे येतात."

काकांचे बोलणे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. कॅसिनी मोहिमेवर सुमारे ३९० कोटी डॉलर खर्च झाले होते. त्यात अमेरिकेबरोबर युरोपातल्या अनेक देशांच्या करदात्यांचा पैसा होता, आणि यान शेवटच्या क्षणापर्यंत उपयोगी मोजमापे पाठवत होते. तरीही ते जाणूनबुजून शनीत बुडवण्यात आले. तो निर्णय योग्य होता असे माझे मत आहे, आणि त्यामागचे तत्त्व भारताने आपले पहिले यान गुरू-शनीकडे निघण्याच्या पुष्कळ आधी कायद्यात लिहून ठेवले पाहिजे, असेही माझे म्हणणे आहे.

हे यान १५ ऑक्टोबर १९९७ रोजी निघाले. वजन ५,७०० किलोंच्या वर होते आणि एवढे ओझे थेट शनीपर्यंत फेकण्याची ताकद त्याच्या अग्निबाणात नव्हती. म्हणून ते दोनदा शुक्राजवळून, एकदा पृथ्वीजवळून आणि एकदा गुरूजवळून नेण्यात आले. प्रत्येक ग्रहाच्या गुरुत्वाकर्षणाचा झोका घेत त्याने वेग कमावला आणि १ जुलै २००४ रोजी ते शनीभोवती फिरू लागले. पृथ्वीजवळून जाण्याला त्या वेळी मोठा विरोध झाला होता. शनीपाशी सूर्यप्रकाश आपल्या जवळपास नव्वदाव्या हिश्श्याइतकाच पोहोचतो, त्यामुळे विजेसाठी यानावर सुमारे ३३ किलो प्लुटोनियम होते, आणि ते पृथ्वीवर सांडले तर काय, हा विरोधकांचा प्रश्न होता. जैतापूरच्या वादात दोन्ही बाजूंची भाषणे ऐकलेल्या आमच्यासारख्यांना त्या विरोधकांना वेड्यात काढता येत नाही. अणुभट्टी वेगळी आणि प्लुटोनियमच्या आपोआप होणाऱ्या क्षयातून निघणाऱ्या उष्णतेवर वीज करणारी बंद पेटी वेगळी, हे खरेच. पण प्रश्न विचारण्याचा त्यांचा हक्क होता. या प्लुटोनियमचा संबंध पुढे कॅसिनीच्या मरणाशीही येतो, म्हणून त्याचा उल्लेख इथे केला.

शनीपाशी पोहोचल्यावर कॅसिनीने हायगेन्स नावाचे छोटे यान टायटन या सर्वांत मोठ्या उपग्रहावर सोडले. १४ जानेवारी २००५ रोजी ते तिथे उतरले. त्याने पाठवलेल्या छायाचित्रात आपल्या नदीच्या पात्रात दिसतात तसे गुळगुळीत गोटे दिसले. फरक इतकाच की ते गोटे बर्फाचे होते, आणि तिथल्या उणे १७९ अंश सेल्सिअस थंडीत बर्फ दगडासारखा टणक असतो. टायटनवर पाऊस पडतो तो मिथेनचा, आणि तळी भरतात तीही मिथेन-इथेनची.

मोहिमेचे खरे वळण मात्र टायटनने दिले नाही, एन्सेलॅडस नावाच्या चिमुकल्या चंद्राने दिले. त्याचा व्यास सुमारे ५०० किलोमीटर. मुंबईहून रात्री सुटलेली गाडी सकाळी सावंतवाडीला पोहोचते, साधारण तेवढे अंतर म्हणजे त्या गोलाची एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी. एवढा लहान गोळा कधीच गोठून निर्जीव झाला असणार असे धरून चालले होते. २००५ च्या सुरुवातीला कॅसिनीच्या चुंबकत्वमापकाला शनीचे चुंबकीय क्षेत्र या चंद्राभोवती वाकल्यासारखे दिसले, जणू तिथे काहीतरी वायुरूप अडथळा आहे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधल्या मिशेल डोहर्टी त्या उपकरणाच्या प्रमुख होत्या. त्यांनी आग्रह धरून पुढची फेरी ठरल्यापेक्षा बरीच खाली, पृष्ठभागापासून सुमारे १७३ किलोमीटरवर आणायला लावली. जुलै २००५ मधल्या त्या फेरीत दिसले की दक्षिण ध्रुवापाशी चार लांबलचक भेगा आहेत आणि आजूबाजूच्या बर्फापेक्षा त्या कितीतरी उबदार आहेत. त्या भेगांतून पाण्याची वाफ आणि बर्फाचे कण अवकाशात फवारले जात होते. शनीचे ई नावाचे विस्तीर्ण कडे याच फवाऱ्यांवर पोसले जाते. भेगांना बगदाद, दमास्कस, कैरो, अलेक्झांड्रिया अशी नावे आहेत, कारण या चंद्रावरच्या ठिकाणांना अरबी कथांमधली नावे देण्याचा संकेत आहे.

पुढची दहा वर्षे कॅसिनी या फवाऱ्यांतून पुन्हापुन्हा गेले. एकदा तर ते पृष्ठभागापासून अवघ्या २५ किलोमीटरवरून गेले. फवाऱ्यातल्या बर्फकणांत मीठ सापडले, म्हणजे खालचे पाणी दगडाला लागून असलेले खारे पाणी होते. चंद्राची हलकीशी डुगडुग मोजल्यावर २०१५ मध्ये कळले की कवचाखालचा समुद्र सबंध गोलभर पसरलेला आहे. त्याच वर्षी सिलिकाच्या अतिसूक्ष्म कणांवरून तळाशी गरम पाण्याचे झरे असावेत असा अंदाज निघाला, आणि २०१७ मध्ये फवाऱ्यात हायड्रोजन सापडल्याचे जाहीर झाले. पृथ्वीवर खोल समुद्राच्या तळाशी, सूर्याचा किरणही न पोहोचणाऱ्या जागी, असाच हायड्रोजन खाऊन जगणारे सूक्ष्मजीव आहेत. यान संपल्यानंतर सहा वर्षांनी, २०२३ मध्ये, जुन्याच नोंदी पुन्हा चाळताना फॉस्फेटही मिळाले. जीवसृष्टीला लागणाऱ्या सामग्रीत फॉस्फरस हा सहसा सर्वांत दुर्मीळ घटक.

जिवंत काही मात्र सापडले नाही आणि सापडणारही नव्हते, कारण नव्वदच्या दशकात बांधलेल्या यानावर ते शोधणारे उपकरणच नव्हते. उंबरठ्यापर्यंत जाऊन यान परत फिरले, ही त्याची मर्यादा. आणि तिथूनच आपल्या प्रश्नाला सुरुवात होते.

२०१७ पर्यंत कॅसिनीचे इंधन संपत आले होते. इंधन संपलेले यान बंद पडून गप्प बसत नाही. ते कक्षेत फिरत राहते, टायटनच्या ओढीने त्याची वाट हळूहळू बदलत जाते, आणि काही वर्षांनी किंवा काही शतकांनी ते कुठे आदळेल हे कोणाच्याच हातात उरत नाही. ते एन्सेलॅडसवर आदळण्याची शक्यता लहान होती, पण शून्य नव्हती. कॅसिनी निर्जंतुक करून पाठवलेले नव्हते, कारण निघाले तेव्हा एन्सेलॅडसच्या पोटात समुद्र आहे हे कोणाला ठाऊक नव्हते. त्यात भर प्लुटोनियमची. या प्लुटोनियमचे अर्धायुष्य सुमारे ८८ वर्षांचे, म्हणजे ते निम्मे व्हायलाच तेवढा काळ लागतो. गरम पेट्या बर्फात रुतून बसल्या असत्या तर भोवतालचे बर्फ वितळून पाण्याची एक ऊबदार पोकळी तयार होऊ शकली असती, आणि यानाच्या कानाकोपऱ्यांत दडून गेलेल्या पृथ्वीवरच्या जंतूंना त्याहून सोयीची जागा मिळाली नसती.

यान शनीपासून दूर कुठेतरी नेऊन सोडण्याचे पर्यायही तपासले गेले. शेवटी २२ एप्रिल २०१७ रोजी टायटनच्या जवळून शेवटचा झोका घेऊन यान अशा कक्षेत टाकण्यात आले की पुढे काहीही बिघडले असते तरी ते शनीतच पडले असते. उरलेल्या बावीस फेऱ्या त्याने शनी आणि त्याच्या कड्यांमधल्या फटीतून मारल्या, जिथे आधी कोणतेही यान गेले नव्हते, आणि त्यातून कड्यांचे वस्तुमान प्रथमच नीट मोजता आले. काकांच्या भाषेत सांगायचे तर भंगाराचे पैसे वसूल झाले.

आता विरोधी बाजू. पहिला आक्षेप असा की वीस वर्षे निर्वात पोकळीत आणि किरणोत्सारात राहिलेल्या यानावर जंतू जगतीलच कसे? हा आक्षेप वाटतो तितका भक्कम नाही. १९८४ ते १९९० या काळात पृथ्वीभोवती फिरलेल्या एका उपग्रहावर ठेवलेले जंतूंचे बीजाणू, सूर्याच्या अतिनील किरणांपासून आडोसा मिळाल्यावर, जवळपास सहा वर्षांनंतरही काही प्रमाणात जिवंत निघाले. यानाच्या पोटात आडोशाला तोटा नसतो. शिवाय जंतू कुठे कुठे तग धरतात याचा आपला अंदाज वारंवार चुकला आहे. टर्सिकॉकस नावाचा एक जिवाणू फ्लोरिडा आणि फ्रेंच गयाना इथल्या, एकमेकींपासून हजारो किलोमीटर दूर असलेल्या, याने बांधण्याच्या स्वच्छ खोल्यांत सापडला. जिथे तो नसावा म्हणून सारी धडपड केली जाते, नेमक्या तिथेच त्याचे बस्तान.

दुसरा आक्षेप अधिक मुरलेला आहे, आणि कोकणी माणसानेच तो घ्यावा असा आहे. आमच्या किनाऱ्याने परक्यांना घेऊनच आपला संसार थाटला. काजू पोर्तुगीजांबरोबर ब्राझीलहून आला, मिरची आणि अननसही समुद्रापलीकडचेच. आज वेंगुर्ल्याच्या संशोधन केंद्रात निघालेल्या काजूच्या जाती लावून इथली घरे चालतात आणि काजूला परका म्हणणारा एकही माणूस सिंधुदुर्गात भेटायचा नाही. मग चार जंतू दुसरीकडे गेले तर एवढे काय बिघडले?

या आक्षेपाचे उत्तर मला माझ्या बागेत मिळते. भाद्रपद सरला की मी काजूच्या बागेत रानमोडी उपटायला उतरतो. जमीन ओली असेपर्यंत ती मुळासकट येते; एकदा सुकली की खोड हातात तुटते, बुडखा मातीत राहतो आणि त्याला पुढच्या पावसात चार जागी फुटवे येतात. पाने चुरगळली की तिचा उग्र वास हाताला दिवसभर राहतो. थंडीत तिला फिक्या जांभळ्या झुपक्यांची फुले येतात, मागोमाग केसाळ बी, जे वाऱ्यावर उडते, पंचाच्या काठाला चिकटते आणि न बोलावता शेजारच्या बागेत जाते. शिमग्याच्या सुमाराला ती वाळून खडखडीत होते आणि वणव्याला आयते सरपण मिळते. हीदेखील अमेरिका खंडातूनच आली, एकोणिसाव्या शतकात, शोभेचे झाड म्हणून. काजू आणि रानमोडी जहाजातून उतरत असताना यांतले पीक कोण होणार आणि तण कोण, हे बंदरावरच्या शहाण्यातल्या शहाण्यालाही सांगता आले नसते.

तरी एका बाबतीत आपण नशीबवान होतो. आधी इथे काय उगवत होते, हे माहीत असलेली माणसे इथे होती. आजोबांना आपल्या रानाची झाडे तोंडपाठ असत. म्हणूनच नव्या झुडपाला त्यांनी रान मोडणारी असे नाव ठेवले, कारण मोडण्याआधीचे रान त्यांनी पाहिलेले होते. एन्सेलॅडसच्या समुद्राची अशी यादी कोणापाशीच नाही. तिथे आपले जंतू आधी पोहोचले आणि आपण मागाहून, तर तिथे मुळात काही होते की नव्हते हे सांगणारा साक्षीदारच उरणार नाही.

इथे हानीपेक्षाही पुराव्याचा प्रश्न मला मोठा वाटतो. रत्नागिरी आणि राजापूरकडच्या सड्यांवर जांभ्या कातळात कोरलेली चित्रे आहेत. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, आणि आज कोकणात नसलेला गेंडाही या चित्रांत दिसतो. बारसू, उक्षी, देवाचे गोठणे अशा ठिकाणांची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. अशाच एका सड्यावर, प्राण्याच्या आकृतीपासून हातभर अंतरावर, कोणीतरी खिळ्याने कोरलेला बदाम मी पाहिला आहे. दगड तेवढाच खरवडला गेला, आकृती शाबूत आहे. पण आता तिथे येणाऱ्या अभ्यासकाला प्रत्येक बारीक रेघेपाशी थांबून ही जुनी की परवाची, हे आधी ठरवावे लागते. एन्सेलॅडसवर उद्या डीएनए असलेला जिवाणू सापडला, तर तो तिथला की आपल्याच यानाने नेलेला, हा प्रश्न असाच, पण कितीतरी महागात पडणारा असेल. एकाच सूर्यमालेत जीवसृष्टी दोनदा, एकमेकींवाचून, जन्माला आली असेल तर विश्वात ती विरळ नसणार, एवढा मोठा निष्कर्ष त्या एका उत्तरावर लटकलेला आहे. ते उत्तर संशयास्पद झाले तर पुन्हा नव्याने मिळवण्याची सोय नाही.

तिसरा आक्षेप विसंगतीचा आहे आणि तो मला मान्य करावा लागतो. हायगेन्स टायटनवरच पडून आहे, आणि त्याच्या उपकरणांना ऊब देण्यासाठी ठेवलेल्या एकेक वॅटच्या पस्तीस प्लुटोनियम-गोळ्याही त्याच्याबरोबर तिथेच आहेत. टायटनचा पृष्ठभाग इतका थंड आहे आणि त्याखालचे पाणी इतके खोल आहे की तिथला धोका फार कमी मानला गेला. हिशेब म्हणून ते पटते. तरी हेही खरे की तत्त्व सोयीनुसार वाकवायला तिथे जागा होती. लेखी, आकड्यांत सांगितलेला, आधी जाहीर केलेला नियम हवा असे मी म्हणतो, ते याच कारणासाठी.

कागदावर नियम आहेत. १९६७ च्या बाह्य अवकाश कराराचे नववे कलम खगोलीय पिंडांचे हानिकारक दूषितीकरण टाळायला सांगते. भारताने त्यावर त्याच वर्षी सही केली आणि १९८२ मध्ये तो मंजूर केला. १९५८ पासून काम करणारी कॉस्पार ही अवकाश संशोधकांची आंतरराष्ट्रीय समिती त्याचा तपशील ठरवते. गुरूचा चंद्र युरोपा आणि एन्सेलॅडस यांच्या समुद्रात एकही जिवंत जंतू पोहोचण्याची शक्यता सबंध मोहिमेत दहा हजारांत एकापेक्षा कमी असावी, ही तिचीच मर्यादा. पण कॉस्पारचे नियम हे कायदे नव्हेत. ते मोडणाऱ्याला कोर्टात खेचता येत नाही. एप्रिल २०१९ मध्ये बेरेशीट हे इस्रायली खासगी यान चंद्रावर आदळले, आणि त्यावर टार्डिग्रेड जातीचे हजारो सूक्ष्म प्राणी ठेवलेले होते, हे जगाला काही महिन्यांनी कळले. कोरड्या चंद्रावर त्यांनी काही बिघडवले नसेल. परवानगी कोणी, कोणाकडे मागायची होती, हा प्रश्न मात्र उघडा पडला.

आपल्याकडे २०२३ च्या अवकाश धोरणाने खासगी कंपन्यांना दारे उघडली आणि त्यांना परवाने देण्याचे काम इन-स्पेस या संस्थेकडे दिले. मला त्यात आनंद आहे. तरुण मुलांनी याने बांधावीत. बाहेरच्या ग्रहांच्या दिशेने लागणारी सामग्रीही थोडी थोडी जमत आहे. चंद्रयान-३ च्या प्रणोदन विभागावर दोन छोटे किरणोत्सारी उष्मक चाचणीसाठी पाठवले होते. सूर्यापासून दूर जायचे तर याच वाटेने जावे लागते, आणि गरम पेटी व गोठलेला समुद्र यांचा तिढा त्या वाटेवर आपल्यालाही सोडवावा लागणार आहे. हा श्रीमंत देशांचा चोचला आहे असे कोणी म्हणेल. पण अमेरिकेने १९७५ मध्ये मंगळाकडे पाठवलेली व्हायकिंग याने सुमारे ११२ अंशांच्या कोरड्या उष्णतेत तास न् तास भाजून काढली, आणि त्यांचा प्रत्येक भाग ती आच सोसेल असा आधीपासूनच निवडावा लागला होता. तयार यान मागाहून निर्जंतुक करणे जवळजवळ अशक्य असते. आराखड्यातच ते धरले तर खर्च आवाक्यात राहतो, म्हणजे उशिरा जागे होणे हेच खरे तर श्रीमंतांना परवडणारे आहे.

अवकाश व्यवहार विधेयकाचा एक मसुदा केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये, कॅसिनी संपल्यावर दोनच महिन्यांनी, लोकांच्या सूचनांसाठी खुला केला होता. अवकाश किंवा खगोलीय पिंड दूषित करणाऱ्याला शिक्षा, अशी तरतूद त्यात होती. आमच्या खाडीकाठच्या लोकांना अशा तरतुदींची चव माहीत आहे. मेलेली मासळी पाण्यावर तरंगू लागल्यावर पंचनामा होतो, बाटल्यांत नमुने भरले जातात, नोटीस निघते; खाडीत पुन्हा मासळी येईल की नाही, याच्याशी त्या नोटिशीचा संबंध नसतो. शनीच्या चंद्रांबाबत तर पंचनामा करायलाही कोणी जाणार नाही. म्हणून शिक्षेच्या कलमाआधी परवान्याचे कलम हवे: यानावर किती आणि कोणते जंतू आहेत याची मोजणी, आदळण्याच्या शक्यतेचा हिशेब, आणि मोहिमेचा शेवट कुठे व कसा करायचा याची योजना, त्यासाठी राखून ठेवलेल्या इंधनासकट, उड्डाणापूर्वी सादर झाली पाहिजे, आणि ती कोणालाही वाचता येईल अशी जाहीर झाली पाहिजे. सरकारी संस्थेलाही त्यातून सूट नसावी.

यात घाई कसली, असे विचारले जाईल. एन्सेलॅडसच्या दक्षिण ध्रुवावर सध्या ऊन आहे. शनीचे एक वर्ष आपल्या साडेएकोणतीस वर्षांचे, त्यामुळे २०३९ च्या सुमाराला तिथे अंधार होईल आणि पुन्हा उजाडायला २०५४ साल लागेल. युरोपीय अवकाश संस्था त्या उजेडाचा नेम धरून, २०४० नंतरच्या दशकात निघणाऱ्या मोहिमेचा विचार करत आहे. अशा यानावर उपकरणे बसवणारे हात आज पहिली-दुसरीत पाटी धरून आहेत, आणि त्यांतले काही चिपळूणचे, काही मालवणचे असायला हरकत नाही. त्यांना लागणारा नियम मात्र तेव्हा शोधत बसून चालणार नाही. २०१७ चा तो मसुदा कायदा झालेला नाही. तो पुन्हा बाहेर निघेल आणि सूचना मागवल्या जातील, तेव्हा यानाच्या शेवटाची योजना मागणारे कलम त्यात आहे का, ते मी सर्वांत आधी पाहीन, आणि नसेल तर कळवीन.